सामुराई : सरदार, शिलेदार की पदरचा माणूस?

प्रश्न असा आहे : जपानी इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना 'सामुराई'ला 'सरदार' म्हणावे की 'शिलेदार'? आणि इंग्रजीत त्याच्याबद्दल सारखा येणारा 'रिटेनर', म्हणजे धन्याच्या चाकरीतला माणूस, मराठीत कसा आणावा?

'सरदार' नकोच. सामुराई ज्याची चाकरी करी तो दाइम्यो. किल्ला, मुलूख, फौज बाळगणारा तो. सरदार म्हणायचेच तर त्याला म्हणा. एदो काळात (१६०३ ते १८६८) दाइम्यो ठरायला किमान दहा हजार कोकू उत्पन्नाचा मुलूख लागे. कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, ढोबळमानाने एका माणसाची वर्षाची बेगमी. कागाच्या माएदा घराण्याचा मुलूख दहा लाख कोकूंच्या वर होता, आणि त्याच जपानात शंभर कोकूंच्या आत कसेबसे भागवणारे सामुराई ढिगाने होते. या दोन्ही टोकांना 'सरदार' म्हटले की वाचक गोंधळलाच.

'शिलेदार' कानाला छान लागतो, पण आपल्याकडे त्याचा अर्थ पक्का आहे : घोडा आणि हत्यार घरचे आणणारा स्वार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. सामुराईपण घोडा कोणाचा यावर ठरत नव्हते. खालच्या दर्जाच्या सामुराईकडे घोडा नसेच.

मूळ शब्दात लढाई नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 'साबुराउ' हे जुने क्रियापद, अर्थ थोरामोठ्यांच्या तैनातीत हजर राहणे. त्यावरून 'साबुराइ' आणि मग 'सामुराई'. लढवय्यासाठी जपानीत वेगळा शब्द आहे, 'बुशी'.

तैनात, हजेरी, चाकरी या अर्थछटेसाठी मराठीत 'पदरी' हा फार सोयीचा शब्द आहे. पेशव्यांच्या पदरी कारकून असत, गवई असत, वैद्य असत, पहिलवान असत. पदरी असणाऱ्याने तलवारच चालवली पाहिजे असे नाही, आणि शांततेच्या अडीचशे वर्षांत सामुराईचे नेमके तेच झाले होते. नागोयाचा आसाही बुन्झाएमोन घ्या. ओवारी प्रांताच्या तोकुगावा दाइम्यो घराण्याच्या पदरी, नेमणूक शंभर कोकू. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षे त्याने रोजनिशी लिहिली. कमरेला दोन तलवारी, आणि हुद्दा कोणता, तर किल्ल्यातल्या तातामी चटयांचा कारभारी! रोजनिशीत पहारा आहेच, पण दारू, नाटके, मासेमारी आणि गावातल्या भानगडी त्याहून रंगवून लिहिल्या आहेत. याला 'योद्धा' म्हणायला माझी तरी लेखणी धजावत नाही.

नेमणूक तांदळात, खर्च मात्र रोखीत, ही आणखी एक गंमत. शोगुनच्या, म्हणजे साऱ्या दाइम्योंच्या वरच्या लष्करी सत्ताधीशाच्या, थेट चाकरीतल्या कितीतरी लोकांचा तांदूळ एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) आसाकुसाच्या सरकारी कोठारातून वर्षाला तीन हप्त्यांत सुटे. तो विकून पैसे हातात देणारे दलाल म्हणजे फुदासाशी. तेच पुढच्या हप्त्यावर उचलही देत. कर्ज इतके चढले की १७८९ मध्ये शोगुनच्या सरकारने या चाकरदारांची जुनी कर्जे बुडीत ठरवली. दलालांनी हात आखडता घेतला आणि चाकरदारांची आणखीच पंचाईत झाली. अनुवादात हा भाग आला तर 'पगार' लिहू नका, 'नेमणूक' किंवा 'तैनात' लिहा. 'वतन'ही नको. ज्यांना मुलूख तोडून दिलेला नसे, त्यांच्या हाती जमीन नसे, तांदूळच येई.

शोगुनच्या थेट चाकरीतल्या वरच्या वर्गाला 'हातामोतो' म्हणत. त्यांना शोगुनसमोर हजर होण्याचा मान होता. आपल्या 'हुजरात'ची आठवण होते, पण हुजरात म्हणजे फौज, म्हणून मी 'हातामोतो' तसाच ठेवून पहिल्यांदा खुलासा करीन. धनी गमावलेला तो 'रोनिन'. १७०१ मध्ये आकोचा दाइम्यो आसानो याला सेप्पुकूची, म्हणजे स्वतःचे पोट चिरून मरण्याची, शिक्षा झाली, जहागीर जप्त झाली आणि त्याच्या पदरचे सगळे एका फटक्यात रोनिन झाले. जपानी मुले आजही प्रवेशपरीक्षेत नापास होऊन पुन्हा वर्षभर अभ्यास करणाऱ्याला रोनिनच म्हणतात. आपल्या लातूरच्या भाषेत रिपीटर.

तेव्हा 'सामुराई' मूळचाच ठेवा ('सा' दीर्घ लिहावा, 'समुराई' नको) आणि 'रिटेनर'च्या जागी वाक्यच फिरवा : 'तो आकोच्या आसानोंच्या पदरी होता.' नाम हवेच असेल तर 'पदरचा माणूस'. 'सेवक' मात्र टाळा, त्याने पाणी भरणारा डोळ्यांसमोर येतो.