वाचक विचारतात : नाताळच्या गडबडीत घरची उपासना

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून हे सदर या वेळी पूर्णपणे नाताळलाच दिले आहे. पत्रलेखकांत प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे सभासद आहेत आणि कॅथलिक धर्मग्रामांतले कुटुंबीयही आहेत. दोन्हीकडच्या रीती थोड्या वेगळ्या असल्या तरी घरातला प्रश्न सारखाच आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : डिसेंबर उजाडला की आमच्याकडे साफसफाई, रंगकाम, कपड्यांची खरेदी, मग करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे असा सगळा फराळ आणि संडेस्कूलच्या कार्यक्रमासाठी मुलांचे पोशाख अशी कामांची रांग लागते. चोवीस तारखेच्या रात्री कॅरोल गाणारी मंडळी येऊन जाईपर्यंत माझ्या अंगात त्राण उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी उपासनेत मी पेंगत असते. मुलांना नाताळ म्हणजे काय असे विचारले, तर नवे कपडे असे उत्तर आले. प्रभूचा जन्मदिवस आमच्या घरात प्रभूसाठी कसा राहील?
— एक वाचक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : आपण स्वतःवर जो दोष ओढवून घेतला आहे, तो आधी बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. थकलेल्या गृहिणीला कामात गढलेली मार्था आणि प्रभूच्या पायाशी ऐकत बसल्याबद्दल वाखाणली गेलेली तिची बहीण मरिया यांची गोष्ट सांगून गप्प करण्याची आपल्या मंडळ्यांत जुनी सवय आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. पुनरुत्थान पावलेल्या प्रभूने समुद्रकिनारी कोळशांवर मासळी ठेवून शिष्यांना स्वतः न्याहारी दिली, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आपण वाचतो. तेव्हा रांधणे आणि वाढणे यांचे भक्तीशी वैर नाही. आपल्या घरातली अडचण दोन ठिकाणी आहे, असे पत्रावरून दिसते. सगळी कामे एकाच व्यक्तीच्या अंगावर पडली आहेत, आणि उपासनेच्या वाट्याला फक्त उरलेला वेळ आला आहे. रंगाऱ्याची तारीख ठरते, भाजणीचा दिवस ठरतो, शिंप्याकडे कपडे कधी टाकायचे तेही ठरते. घरची प्रार्थना मात्र सवड मिळाली तर करायची असते, आणि डिसेंबरात सवड मिळत नाही.

म्हणून नाताळची घरची तयारी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उपासनेपासून सुरू करावी आणि बाकीची कामे तिच्याभोवती बसवावीत. नाताळपूर्वीचे हे चार रविवार मंडळीने वाट पाहण्यासाठीच राखून ठेवले आहेत. चार मेणबत्त्यांचे जे आगमन-चक्र आज अनेक देवळांत दिसते, त्याचा उगम मुलांच्या अधीरतेत आहे, हे आपल्याला उपयोगी पडेल. जर्मनीतील हाम्बुर्ग शहरात योहान हिन्रिक विखेर्न हे धर्मशास्त्रज्ञ गरीब मुलांसाठी आश्रम चालवीत असत आणि ती मुले नाताळ कधी येणार असे त्यांना सारखे विचारीत. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान मेणबत्त्या बसवल्या व रोज एक मेणबत्ती पेटवून प्रार्थना सुरू केली. मुलांच्या उतावळेपणाला रागावण्याऐवजी त्यांनी त्यालाच प्रार्थनेची वेळ करून दिले. आपल्या घरी त्यासाठी एक ताटली आणि चार मेणबत्त्या पुरेशा आहेत.

रात्रीच्या जेवणानंतर, ताटे उचलण्यापूर्वी, दहा मिनिटे त्याच जागी बसावे. पहिल्या आठवड्यात यशयाच्या नवव्या अध्यायातील अंधारात चालणाऱ्या लोकांनी पाहिलेल्या मोठ्या प्रकाशाचा भाग वाचावा, दुसऱ्यात मीखाच्या पाचव्या अध्यायातील बेथलेहेमविषयीचे वचन, तिसऱ्यात लूकच्या पहिल्या अध्यायातील गब्रीएलाचा निरोप आणि मरियेचे गीत, चौथ्यात मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील योसेफाचे स्वप्न. तोच भाग आठवडाभर रोज थोडाथोडा वाचला तरी चालेल, कारण लहान मुलांना पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही. घरात मोठी मुले असतील, तर लूकच्या शुभवर्तमानाचे चोवीस अध्याय एक ते चोवीस डिसेंबरपर्यंत रोज एक याप्रमाणे वाचता येतात. मात्र पहिलाच अध्याय ऐंशी ओव्यांचा असल्यामुळे हा क्रम शाळकरी वयाच्या आतल्या मुलांवर लादू नये.

वाचन मात्र आपण करू नये. ते मुलांच्या वडिलांनी करावे, किंवा वाचता येणाऱ्या मुलाने करावे. संध्याकाळी घरी आलेला बाप मोबाइल बाजूला ठेवून पवित्र शास्त्र हातात घेतो, हे मुलाला सलग चार वर्षे डिसेंबरात दिसले, तर नाताळ म्हणजे काय या प्रश्नाचे उत्तर त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. सासूबाई किंवा आजेसासूबाई असतील, तर भजन शिकवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंगांच्या आणि पदांच्या चालींवर ख्रिस्ती भजनांची जी संपत्ती आपल्याला दिली, तिच्यातली कितीतरी भजने आजीला तोंडपाठ असतात आणि नातवंडांना इंग्रजी कॅरोलच तेवढी येतात. महिन्याभरात एक मराठी भजन घरातल्या सर्वांना पाठ झाले, तरी ती मोठी कमाई आहे.

फराळाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सात पदार्थांऐवजी तीन करावेत, आणि करंज्या भरायला घरातले पुरुष व मुले बसलीच पाहिजेत. जावा-नणंदांची घरे जवळ असतील, तर एकीने चकल्या आणि दुसरीने लाडू अशी वाटणी करून डबे अदलाबदल करावेत. पंचवीस तारखेला सकाळी नवे कपडे घालण्यापूर्वी आणि भेटी उघडण्यापूर्वी लूकच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वीस ओव्या मोठ्याने वाचाव्यात, एक प्रार्थना करावी आणि मग उपासनेला जावे. मुलांना नव्या कपड्यांचा आनंद होतो, यात वाईट काही नाही. तो आनंद कोणामुळे आहे, हे त्यांना कपडे अंगावर चढण्याआधी ऐकायला मिळावे, एवढेच पाहायचे आहे.

प्रश्न : सांताक्लॉजविषयी मुलांना काय सांगावे? आमची सहा वर्षांची मुलगी त्याला पत्र लिहिते. ते खोटे आहे असे सांगितले तर तिचा विरस होईल, आणि न सांगावे तर प्रभू मागे पडतो असे वाटते.
— एक पालक, पुणे

उत्तर : तिला संत निकोलस यांची गोष्ट सांगावी, म्हणजे खोटे बोलावे लागत नाही आणि काही हिसकावूनही घ्यावे लागत नाही. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या मायरा या गावी ते बिशप होते. हुंड्याअभावी ज्यांची लग्ने होत नव्हती अशा तीन गरीब बहिणींच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप पैशांच्या थैल्या टाकल्या, अशी त्यांच्याविषयीची परंपरागत कथा आहे. ६ डिसेंबर हा त्यांचा स्मरणदिन असतो. त्या दिवशी आपल्या मुलीला कोणासाठी तरी गुपचूप भेट ठेवायला लावावी आणि ती कोणी ठेवली हे कोणालाही सांगायचे नाही, असे तिच्याकडून वचन घ्यावे. निकोलस यांनी जे केले, ते तिला स्वतः करून पाहता येईल.

सांताच्या पोशाखापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची अधिक काळजी वाटते. शहाण्यासारखे वागलीस तरच भेट मिळेल, असे आपण मुलांना सहज बोलून जातो. नाताळची सुवार्ता याच्या उलट आहे. देवाने आपला पुत्र दिला तो आपण चांगले वागलो म्हणून दिला नाही, ती निव्वळ कृपा होती. वर्षभरात एका दिवशी तरी मुलांच्या भेटींना अट घालू नये.

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी नाताळच्या गोठ्यांची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यांची, स्पर्धा होते. कारंजी, फिरते दिवे, थर्माकोलचे डोंगर यांवर मुले वर्गणीचे बरेच पैसे खर्च करतात आणि चोवीसच्या रात्री मिस्साच्या, म्हणजे देवळातल्या उपासनेच्या, वेळीही त्यांचे लक्ष वायरिंगकडेच असते. स्पर्धा बंद करावी का?
— एक वाचक, वसई

उत्तर : बंद करू नये. तरुण मुले ज्या निमित्ताने धर्मग्रामात एकत्र येतात, ते निमित्त मोडणे सोपे असते आणि पुन्हा उभे करणे फार अवघड असते. मात्र त्यांना गोठ्याचा इतिहास अवश्य सांगावा. इटलीतील ग्रेच्चो या डोंगरावरच्या गावात १२२३ सालच्या नाताळच्या रात्री असिसीचे संत फ्रान्सिस यांनी चाऱ्याने भरलेली गव्हाणी, एक बैल आणि एक गाढव एवढेच मांडले, त्या गव्हाणीपाशी मिस्सा झाली आणि फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले. त्या गोठ्यात मिस्सा मध्यभागी होती आणि देखावा तिच्यासाठी होता. आपल्या स्पर्धेच्या नियमांत एवढा एक नियम घालून पाहावा : गोठा तेवीस तारखेला पूर्ण झाला पाहिजे आणि मिस्साच्या वेळी त्याच्यापाशी कोणीही थांबायचे नाही.

परीक्षकांनी कारागिरीच्या गुणांबरोबर शास्त्राच्या जाणकारीलाही गुण द्यावेत. बैल आणि गाढव लूकच्या वृत्तांतात नाहीत, ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आले आहेत. तेथे बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या धन्याच्या गव्हाणीला ओळखते, पण इस्राएल ओळखत नाही, अशी देवाची तक्रार आहे. ताऱ्याच्या मागोमाग आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक, तीनच होते असे मत्तय कोठेही म्हणत नाही, आणि ते गोठ्यात नव्हे तर घरात आले असे तो लिहितो. हे मुलांना स्वतः शोधून काढायला लावले, तर गोठा बांधताबांधता शुभवर्तमान वाचून होईल. बाळ येशूची मूर्ती चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवू नये आणि मागींच्या मूर्ती दूर ठेवून ६ जानेवारीपर्यंत हळूहळू जवळ आणाव्यात, ही जुनी रीतही पुन्हा सुरू करण्याजोगी आहे.

खर्चाचे म्हणाल, तर लूकच्या दुसऱ्या अध्यायात एक तपशील आहे, तो मुलांसमोर ठेवावा. बाळाला मंदिरात आणले तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले असे अर्पण केले. लेवीयाच्या बाराव्या अध्यायाप्रमाणे हे अर्पण ज्यांना कोकरू परवडत नसे त्यांच्यासाठी होते. त्या कुटुंबाचा गोठा मांडताना जमलेल्या वर्गणीचा निम्मा भाग गावातल्या एखाद्या आजारी माणसाच्या औषधपाण्याकडे वळवावा, असे मला वाटते. नावे जाहीर करू नयेत.

प्रश्न : पंचवीसला दुपारी आमचे हिंदू शेजारी आणि सुनेच्या माहेरची माणसे जेवायला असतात. त्यांना अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून आम्ही जेवणाआधीची प्रार्थना मनातल्या मनात करतो. हे योग्य आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्रार्थना मोठ्याने करावी, पण ती थोडक्यात असावी. पाहुण्यांना तिच्यातून उपदेश करू नये. दिवाळीला त्यांच्या घरी आपण जातो तेव्हा देवापुढचा दिवा कोणी विझवत नाही. आपले पाहुणेही आपल्या घरी सण आहे हे जाणूनच आलेले असतात, आणि यजमानाने आपली श्रद्धा लपवली तर उलट त्यांनाच परके वाटते. प्रार्थनेत त्यांच्या घरादारासाठी आशीर्वाद मागावा. कोणी गोठ्याविषयी किंवा ताऱ्याविषयी विचारले, तर आनंदाने सांगावे. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, असे पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात लिहिले आहे, ते येथे तंतोतंत लागू पडते.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आमचे वडील वारले. नातेवाईक म्हणतात की या वर्षी नाताळ करायचा नसतो. आईची तर देवळात जाण्याचीही इच्छा नाही. आम्ही काय करावे?
— एक वाचक, जालना

उत्तर : आपल्या दुःखात मी सहभागी आहे. घरात मृत्यू झाला की वर्षभर सण करायचा नाही, ही आपल्या भोवतालच्या समाजाची रीत आहे, आणि तिच्यामागे गेलेल्या माणसाविषयीचा आदर आहे, म्हणून तिची हेटाळणी करू नये. रोषणाई नको, फराळ नको, नवे कपडे नकोत, असे आपल्या सर्वांना वाटत असेल, तर ते सगळे खुशाल वगळावे. उपासना मात्र वगळू नये, कारण तिला येण्यासाठी मन आनंदी असावे लागते, असे शास्त्र कोठेही सांगत नाही.

नाताळ हा केवळ सुखी घरांचा सण आहे, ही समजूत शुभवर्तमानाला धरून नाही. मत्तयाच्या दुसऱ्याच अध्यायात बेथलेहेमच्या बालकांची कत्तल आहे आणि आपल्या मुलांसाठी रडणारी, सांत्वन न स्वीकारणारी राहेल आहे. मंडळीच्या दिनदर्शिकेत नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडमार सोसून मरण पावलेल्या स्तेफनाचे स्मरण आहे आणि २८ डिसेंबरला त्या निरपराध बालकांचे. रडणाऱ्यांना या सणात प्रारंभापासून जागा आहे, हे आईला आपल्या शब्दांत सांगावे. तिला गर्दीच्या उपासनेचा त्रास होत असेल, तर मागच्या बाकावर तिच्याबरोबर कोणीतरी बसावे आणि तिला वाटेल तेव्हा तिच्यासोबत उठून यावे. तेही शक्य नसेल, तर पाळकांना घरी बोलावून सहभागिता, म्हणजे प्रभुभोजन, घ्यावी. घरच्या प्रार्थनेत वडिलांचे नाव मोठ्याने घेऊन त्यांच्या आयुष्यासाठी देवाचे आभार मानावेत. नाव घेतले तर आईला रडू येईल या भीतीने ते टाळू नये.

आपले पत्र वाचून कॅरोल काढणाऱ्या सर्व तरुण संघांना मला एक सांगायचे आहे. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला आहे, ते घर ओलांडून पुढे जाण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. त्यांनी आठवडाभर आधी त्या घरी जाऊन विचारावे. घरच्यांनी होकार दिला तर ढोलकी आणि टाळ्या बाजूला ठेवून एकच भजन म्हणावे, प्रार्थना करावी आणि दानपेटी पुढे न करता निघावे. नकार दिला, तर नाताळनंतरच्या आठवड्यात दोघातिघांनी पुन्हा जाऊन भेटावे आणि जाताना फराळाचा डबा न्यावा.