अरुण खेत्रपाल : रणगाडे 4 की 10, आणि घराण्याची परंपरा

1971 च्या भारत-पाक युद्धातले परमवीर अरुण खेत्रपाल यांच्याबद्दल तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: खेत्रपाल रणगाड्यात होते तर त्यांना घोडदळाचे का म्हणतात, त्यांनी एकट्याने 10 रणगाडे उडवले हे खरे का, आणि घरातल्या किती पिढ्या सैन्यात होत्या. आधी आकड्याचे बघू, कारण सर्वाधिक चुका तिथेच होतात.

परमवीर चक्राच्या मानपत्रात 10 हा आकडा आहे, पण तो त्या चकमकीत नष्ट झालेल्या शत्रूच्या एकूण रणगाड्यांचा. त्यांपैकी 4 सेकंड लेफ्टनंट खेत्रपाल यांनी स्वतः टिपले, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. सगळे 10 त्यांच्या नावावर घातल्याने त्यांचा मान वाढत नाही, शेजारच्या रणगाड्यांतल्या माणसांचे श्रेय मात्र जाते.

15 डिसेंबर 1971 च्या रात्री आपली पायदळाची 47 इन्फन्ट्री ब्रिगेड शकरगढ भागातल्या बसंतर नदीपलीकडे पोचली. पायदळ पुढे गेले, पण सुरुंगांतून वाट काढण्याचे इंजिनिअरांचे काम अर्धेच झाले होते. रणगाडाविरोधी सुरुंगाने बहुधा पट्टा तुटतो आणि रणगाडा जागीच बसतो, म्हणून वाट पूर्ण साफ होईपर्यंत थांबायचे हा नेम. शत्रूचे रणगाडे हलू लागल्याची खबर आली आणि खेत्रपालांच्या रेजिमेंटने, पूना हॉर्सने, उरलेल्या सुरुंगांतूनच रणगाडे घातले. 16 तारखेला सकाळी जरपाल गावावर धुराच्या पडद्याआडून शत्रूचा हल्ला आला. तिथल्या स्क्वाड्रनने (रेजिमेंटच्या तुकडीने) कुमक मागितली, आणि दुसऱ्या स्क्वाड्रनमधले खेत्रपाल धावून गेले.

शेवटी तोंडावर आपले तीनच रणगाडे उरले. एकाला गोळा लागला, दुसऱ्याची तोफ बंद पडली. राहिला खेत्रपालांचा सेंच्युरियन 'फामागुस्ता', आणि तोही पेटलेला. पेटलेल्या रणगाड्यातून लगेच उतरायचे असते, आतला दारूगोळा केव्हाही फुटू शकतो. वरून हुकूमही तसाच आला. तोफ अजून चालते आहे, रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी वायरलेसवर कळवले. याला नुसती जिद्द म्हणून सोडून देऊ नका. त्या क्षणी ते मागे हटले असते तर फळीला तिथेच खिंडार पडले असते. त्यांनी टिपलेला शेवटचा रणगाडा जेमतेम 100 मीटरवर होता. मग फामागुस्ताला दुसरा गोळा लागला आणि ते गेले. वय 21. कमिशन 13 जूनचे, म्हणजे नोकरी पुरती सहा महिन्यांची.

आता घोडदळ. पूना हॉर्स 1817 साली दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहातून उभी राहिली. घोडे गेले, शब्द टिकले: रणगाड्यातला शिपाई आजही 'सवार', त्याच्यावर दफेदार आणि रिसालदार. 1965 च्या युद्धातले परमवीर लेफ्टनंट कर्नल ए. बी. तारापोर याच रेजिमेंटचे. खेत्रपालांचे आपल्याकडचे धागे तर कितीतरी आहेत: जन्म पुण्याचा, 14 ऑक्टोबर 1950, शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत, जिथले संचलनाचे मैदान आज त्यांच्या नावाचे आहे, आणि युद्धाचे ढग जमले तेव्हा ते अहमदनगरला तरुण अधिकाऱ्यांच्या कोर्सला होते. फामागुस्ताही नगरलाच, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे.

घराणे पंजाबी, मूळ सरगोध्याचे, फाळणीत इकडे आलेले. पणजोबा शिखांच्या खालसा फौजेतून इंग्रजांविरुद्ध चिलियांवाल्याला लढले. (बरेच जण या लढाईचे साल 1848 देतात, ते दुसरे इंग्रज-शीख युद्ध सुरू झाल्याचे साल, लढाई 13 जानेवारी 1849 ची.) आजोबा पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध होते. वडील मदनलाल खेत्रपाल कोअर ऑफ इंजिनिअर्समधले, ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झाले. अरुण म्हणजे चौथी पिढी. ज्या सुरुंगांतून मुलगा गेला, ते काढणे हे वडिलांच्याच कोअरचे काम, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

2001 साली, 81 व्या वर्षी, वडील सरगोध्याला जाऊन आले. त्यांचे यजमान होते पाकिस्तानचे निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर, 13 लान्सर्स या पाकिस्तानी रणगाडा रेजिमेंटचे. परतण्याच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितले की त्या दिवशी अरुणच्या समोर मीच होतो आणि तो माझ्या हातून गेला. पुढे त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रामागे अरुणबद्दल लिहिले होते, की आमच्या प्रतिहल्ल्याचे यश आणि अपयश यांच्यामध्ये हा मुलगा अभेद्य खडकासारखा उभा राहिला.