डॉक्टरांचा ‘हलगर्जीपणा’ आणि कायद्यातील ‘हयगय’

एका वाचकाने विचारले आहे की, ‘डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळे रुग्ण दगावला’ असे बातमीत छापून येते, त्याच घटनेला पोलिसांच्या कागदात ‘हयगय’ म्हटलेले असते आणि ग्राहक आयोगापुढे ती ‘सेवेतील त्रुटी’ होते. तेव्हा हे तिन्ही शब्द समानार्थी मानावेत का? शिवाय ‘मालप्रॅक्टिस’ला मराठीत काय म्हणावे?

समानार्थी मानू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण प्रत्येक शब्दामागे दोषाचे वजन वेगळे आहे आणि त्या वजनावर माणसाची कैद किंवा सुटका ठरते.

‘हयगय’ हा बोलीतला सौम्य शब्द आहे. ‘गोळ्या घेण्यात हयगय करू नका’ असे डॉक्टरच रुग्णाला बजावतात, तेव्हा त्याचा अर्थ टाळाटाळ किंवा ढिलाई एवढाच असतो. फौजदारी कायद्याच्या मराठीत मात्र तो पारिभाषिक झाला आहे. भारतीय दंड संहितेतील कलम ३०४-अ हे हयगयीने मृत्यूस कारण होण्याबद्दलचे होते. त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी होती. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने घेतली. तेथे कमाल कैद पाच वर्षे असली, तरी नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून वैद्यकीय प्रक्रिया करताना मृत्यू घडल्यास ती दोन वर्षे ठेवली आहे. अपघाताच्या फिर्यादींत ‘हयगयीने व अविचाराने वाहन चालवून’ हे शब्द आपण नेहमी वाचतो, ते याच परंपरेतले. (‘हयगय’ स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘हयगयीने’ असेच लिहावे, ‘हयगयने’ हे रूप अशुद्ध आहे.)

परंतु डॉक्टरच्या बाबतीत साधी हयगय फौजदारी गुन्ह्याला पुरत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले की, गुन्हा ठरण्यासाठी हयगय घोर स्वरूपाची असली पाहिजे. शिवाय खटला पुढे नेण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने त्याच शाखेतील जाणकार, शक्यतो सरकारी सेवेतील, डॉक्टरचे निष्पक्ष मत घ्यावे. म्हणून अशा प्रसंगी ‘घोर हयगय’ असे विशेषणासह लिहिणे आवश्यक आहे. नुसते ‘हयगय’ लिहिले, तर खटल्यातील मुख्य वादाचा मुद्दाच वाक्यातून गळतो.

भरपाईच्या दाव्यांसाठी मी ‘निष्काळजीपणा’ हा शब्द सुचवीन, कारण तेथे प्रश्न शिक्षेचा नसून अपेक्षित काळजी घेतली की नाही, एवढाच असतो. जोशी विरुद्ध गोडबोले हा पुण्यातला खटला या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९५३ साली कोकणात पालशेतच्या समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले आणि त्याला पुण्याला आणण्यात आले. तेथे पूर्ण भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या आधारे, माणसांच्या मदतीने जोर लावून हाड ओढून बसवण्यात आले आणि त्या धक्क्याने तो वारला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरला जबाबदार धरताना, डॉक्टरकडून सर्वोच्च कौशल्याची नव्हे, तर वाजवी कौशल्याची आणि वाजवी काळजीची अपेक्षा असते, हे तत्त्व मांडले. मंजूर झालेली भरपाई होती तीन हजार रुपये. येथे ‘हलगर्जीपणा’ लिहिणे मला पटत नाही, कारण त्या शब्दात बेफिकिरीचा, अंग चोरून काम केल्याचा वास आहे. न्यायालयाने दोष ठेवला तो उपचाराच्या पद्धतीवर, आणि असा दोष मन लावून काम करणाऱ्याच्या हातूनही घडतो.

‘सेवेतील त्रुटी’ ही ग्राहक कायद्याची संज्ञा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली शांता खटल्यात मोबदला घेऊन दिलेले उपचार ‘सेवा’ ठरवले, तेव्हापासून ती वैद्यकीय प्रकरणांत रुळली. २०१९ च्या ग्राहक कायद्यातील व्याख्येत निष्काळजी कृतीही त्रुटीतच मोडते. म्हणजे निष्काळजीपणा हा त्रुटीचा एक प्रकार आहे, आणि सगळ्याच त्रुटी काही निष्काळजीपणाच्या नसतात.

बातमीतल्या वाक्यात मला सर्वांत जास्त खटकतो तो मात्र ‘हलगर्जीपणा’ नव्हे, तर त्याला जोडलेला ‘मुळे’ हा प्रत्यय. काळजीत कसूर झाली आणि त्या कसुरीतूनच मृत्यू ओढवला, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात. निदान चुकणे, शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होणे किंवा उपचारांना यश न येणे यांपैकी एकही गोष्ट आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही. ‘मुळे’ लिहिणारा हा सारा पुरावा तपासल्याच्या थाटात निकाल देऊन मोकळा होतो, आणि त्या रात्री रुग्णालयाच्या दाराशी जमलेले नातेवाईक तो निकाल खरा धरतात. ‘हलगर्जीपणा झाल्याचा नातेवाइकांचा आरोप’ असे लिहायला दोन शब्द अधिक लागतात. ते अवश्य खर्चावेत.

‘मालप्रॅक्टिस’साठी ‘वैद्यकीय गैरव्यवहार’ हा पर्याय टाळावा, कारण मराठी वाचकाला ‘गैरव्यवहार’ म्हटले की पैशांची अफरातफरच आठवते. ‘व्यावसायिक गैरवर्तन’ ही संज्ञा वैद्यक परिषदेच्या शिस्तभंगाच्या कारवाईसाठी राखून ठेवलेली बरी. खोटे प्रमाणपत्र देणे, रुग्ण पाठवल्याबद्दल कट घेणे, हे तिचे विषय. भरपाईच्या खटल्याबद्दल लिहायचे असेल, तर ‘वैद्यकीय निष्काळजीपणा’ हा शब्द पुरेसा आहे.