ठाण्यात सी बकथॉर्न लावलं तर मुळं भिंतीखाली शिरतील का?

घोडबंदर रोडला तळमजल्याचा फ्लॅट, समोर 15 बाय 10 फुटांची मोकळी जागा, तिथे सी बकथॉर्नची (लडाखसारख्या थंड मुलखातलं काटेरी, आंबट फळांचं झुडूप) दोन रोपं लावायचीत आणि कंपाउंडच्या भिंतीची धास्ती आहे, असं तुम्ही लिहिलंय. भिंतीचं सोडा. वडा-पिंपळासारखी चिरे फोडणारी ही मुळं नव्हेत.

लडाखला हुंदरजवळ श्योक नदीने काठ खचवला होता, तिथे एक मूळ उघडं पडलेलं पाहिलं. अंगठ्याएवढं जाड, वीतभर खोलीवरून आडवंच गेलेलं, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखं. आणि त्यावर दोन-तीन हातांच्या अंतराने कोंब वर आलेले. दुरून जी काटेरी जाळी दिसते ती पुष्कळदा एकाच झाडाची पिलावळ असते. केळीचे मुनवे निदान बुंध्याशी तरी येतात. हे कित्येक फूट लांब, भलतीकडेच डोकं काढतं. तेव्हा धोका असलाच तर शेजाऱ्याच्या लॉनला. थंड मुलखातले बागवाले म्हणूनच याच्याभोवती जमिनीत पत्रा नाहीतर जाड प्लास्टिक उभं पुरतात.

त्याच मुळावर आल्याच्या लहान कुड्यांसारख्या गाठी होत्या. भुईमुगाच्या गाठींसारखंच हवेतलं नायट्रोजन धरायचं काम, पण जिवाणू वेगळा, फ्रँकिया. केळव्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूचं पोट वाळूत भरतं तेही फ्रँकियाच्याच जोरावर. (गंमत म्हणजे दोन्ही झाडांचं आपसात जवळचं नातं नाही.) म्हणून या झाडाला युरिया घालू नये, आणि आळ्यात कुदळ तर अजिबात चालवू नये, कारण खाद्य घेणारी बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हातातच असतात.

पण हे सगळं तिकडचं. लेहला वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे सरासरी 2500 च्या आसपास. मी हौसेने तीन रोपं ऑनलाइन मागवून वर्तकनगरच्या गच्चीत लावली होती. मे महिना काढला हो त्यांनी! जुलैत पानं पिवळी पडली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणजे बघा. शेवटी एक उपटलं, तर मुळाची साल ओल्या कागदासारखी बोटाला चिकटून आली, आत नुसता काळा दोरा, आणि वास गटाराचा. पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि कुजतात, दुसरं काही नाही.

त्यातून फळांची आशा असेल तर ती सोडाच. याला कडक हिवाळा लागतो, शिवाय नर आणि मादी झाडं वेगळी असतात. तुमच्या दोन रोपांत दोन्ही नरच निघाले तर काय करणार? रोपावर लिहिलेलं नसतं.

काटेरी कुंपण आणि आंबट फळं हवीत ना, तर करवंद लावा. येऊरच्या डोंगरावर ते कुणी न लावता वाढतं, आपला पाऊस त्याला नवा नाही.

पैसे भरून झाले असतील तर रोपं जमिनीत लावू नका. मोठ्या मातीच्या कुंडीत निम्मी जाड रेती, तळाला खापऱ्या, आणि मेअखेरीस कुंडी पागोळीखालून आत घ्या.