मालवणचे उरलेले दोन दिवस : गोवा जोडू नका

मालवणात दोन दिवस शिल्लक आहेत, तेवढ्यात गोवा होईल का, असं विचारलंय तुम्ही. भाऊ, गोवा राहू द्या. आमच्या पहिल्या खेपेला आम्ही हेच केलं. सगळा वेळ टॅक्सीत गेला, आणि हिला ज्या वाळूवर निवांत बसायचं होतं तिथे जेमतेम अर्धा तास मिळाला. नागपूर येईपर्यंत ती फारशी बोलली नाही.

पाच वर्षांनी परत गेलो तेव्हा शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवले. सिंधुदुर्ग किल्ला राहिला असेल तर सकाळच्या पहिल्या होडीनेच जा. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं. तटबंदी सगळेच बघतात, तुम्ही आतल्या विहिरी बघा : दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चहूकडे समुद्र आणि आत गोडं पाणी! हिचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथे शेतातल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. साखरबावेच्या काठाशी ही कितीतरी वेळ उभी होती. "बाबांना दाखवायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाली.

दुपारनंतर देवबाग. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. पलीकडचं भोगवे रस्त्याने गेलं तर मोठा वळसा पडतो, होडीने मात्र समोरच. वाटेत रापण, म्हणजे मासे धरायचं किनाऱ्यावरचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर थांबाच. जाळ्याच्या दोन्ही टोकांना माणसांची रांग असते. हिने चप्पल काढून दोर धरला. जाळं वाळूवर आल्यावर एका काकूंनी हिच्या ओंजळीत चार बांगडे टाकले. दोराला हात लावला म्हणजे वाटा आलाच, म्हणाल्या. खानावळीतल्या वहिनींनी ते तिरफळ घालून करून दिले. सावजीच्या जिभेला सुरुवातीला मिळमिळीत वाटेल, पण दुसऱ्या घासाला कळतं.

दुसऱ्या दिवशी निवतीवरून वेंगुर्ल्याला या. बंदरावर बसा, काजू घ्या, बाकी काही ठरवू नका. संध्याकाळी तिथूनच कुडाळ स्टेशन गाठता येतं. थेट नागपूरची गाडी रोज नसते, तेव्हा तिकीट बघूनच दिवस मोजा. मुंबईवरून गाडी बदलून यायचं असेल तर मध्ये चांगले पाच-सहा तास ठेवा.

आणि कोकमाचं आगळ आणाल तर बाटलीचं झाकण चिकटपट्टीने बांधून ती हातातल्या पिशवीत उभी ठेवा. आमची सुटकेसमध्ये सांडली, हिच्या पांढऱ्या साडीवरचा डाग अजून गेला नाही.