‘मॅडम, हा हॅकर तर होणार नाही ना?’

शाळेने वायफायवर गेम आणि चॅट बंद केलेत, तरी मुलगा कुठून तरी वाट काढतोच. आता शाळेतून चिठ्ठी आलीये, काय करू? मी मुलांची समुपदेशक, त्यामुळे आयांचा हा प्रश्न मला एव्हाना तोंडपाठ झालाय. गेल्या आठवड्यात तर तिघींनी विचारला. म्हणून ओंकारची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आठ भेटीही इथे थोडक्यात आटोपल्या आहेत.

ओंकार नववीतला. वडिलांच्या बदलीमुळे कोल्हापूरहून पुण्यात आलेला. संगणक कक्षात प्रॉक्सी साइटवरून गेम उघडताना सापडला. आईने खुर्चीत नीट टेकायच्या आत विचारलं, “मॅडम, हा हॅकर तर होणार नाही ना?”

“नाही हो ताई, त्याला हॅकर कशाला व्हायला लागतंय?” शाळेचं फायरवॉल म्हणजे गेटवरचा वॉचमन. कुठे चाललात ते बघतो आणि यादीतल्या पत्त्यांना अडवतो. मुलं त्याला तिसऱ्याच घराचा पत्ता सांगतात आणि त्या घरातल्या माणसाकरवी हवं ते मागवतात. हे तिसरं घर म्हणजे प्रॉक्सी साइट. आईचा जीव जरा खाली पडला. मग मी खरी काळजीची गोष्ट सांगितली. तो मधला माणूस कोण, हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि तिथे टाकलेला पासवर्ड त्याच्याच हातातून जातो. ओंकारने तिथून मेल उघडला होता. पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलायला लावला. बाकी सगळं सावकाश चालेल, हे मात्र लगेच करा.

पहिल्या दोन भेटी वाया गेल्या, आणि चूक माझी होती. मी गेमबद्दल विचारत राहिले. कुठला, किती वेळ, कोणाबरोबर. उत्तर एकच, “टाइमपास.”

तिसऱ्या वेळी त्याने दप्तरातून गणिताची वही काढली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात प्रॉक्सी साइटच्या पत्त्यांची यादी होती. बंद पडलेल्यांवर लाल काट, पुढे बंद पडल्याची तारीख. आणि प्रत्येकासमोर एकदोन अक्षरं : ‘सो’, ‘आ.कु.’, ‘य’.

“ही अक्षरं कसली रे?”

“कोणाला दिला ते.”

“आणि तू किती खेळतोस?”

“मी? दहा मिनिटं. बोअर होतं.”

“मग ही उठाठेव कशाला?”

त्याने पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मी गप्प बसले. बोलायचा मोह आवरणं हेच आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम.

“पहिल्या दिवशी मी एकाला ‘काय करालाईस’ म्हटलं, तर सगळा वर्ग हसला. नंतर महिनाभर कोण बोललंच नाही. पत्ता मागायला तरी येतात.”

मी मनापासून मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलरच्या वाटेची. 1920च्या दशकात व्हिएन्नात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं चालवणारा हा माणूस म्हणायचा की प्रत्येक वागण्यामागे हेतू असतो, आणि बहुतेकदा तो आपल्या माणसांत जागा मिळवण्याचा असतो. शाळेला चोरवाट दिसली, आईला हॅकर दिसला. मला त्या पानावर दिसली मित्रांची हजेरी. इतक्या वर्षांनी एवढं दिसायला लागलंय, याचं मला बरं वाटतं, लपवत नाही.

म्हणून आयांना सांगते, ‘किती वेळ खेळलास’ याआधी ‘मधल्या सुट्टीत कोणाबरोबर डबा खाल्लास’ हे विचारा. फोन हिसकावून घ्याल तर यादी दुसऱ्या वहीत जाईल. पण नियम मोडल्याचं ओझं त्याच्यावरून उतरवूही नका. ओंकारने सरांची माफी मागितली, पान त्यांच्या हाती दिलं. ते मी टाळू दिलं नाही.

मग विचारलं, “पत्त्यांशिवाय तुझ्याकडे मागण्यासारखं काय आहे?” बुद्धिबळ निघालं. गंमत बघा : 2025मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा याच शाळेच्या फळ्यावर अभिनंदन झळकलं होतं, आणि खाली लॅबमध्ये बुद्धिबळाची साइट बंद! फिल्टरमध्ये ‘गेम्स’ हा अख्खा गट बंद केला की बंदूक आणि उंट एकाच पोत्यात जातात. मुद्दाम कुणी केलेलं नसतं. पण कुणी लेखी सांगतही नाही.

ओंकारने मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला, तीनदा खोडून. लिचेस ही बुद्धिबळाची साइट, फक्त मधली सुट्टी, तीही सरांच्या देखत. आणि तिथला ‘किड मोड’ लावून, म्हणजे चॅट बंद राहील. ही अट त्याने आपणहून घातली. परवानगी मिळाली. चॅटला मात्र शाळेने ठाम नाही म्हटलं आणि मी शाळेच्या बाजूने आहे. अनोळखी माणूस मुलाशी काय बोलतोय, याची जबाबदारी शाळेने कशी घ्यावी?

परवा आईचा फोन आला. आवाजात तक्रार होती, तरी हसत होत्या. “मॅडम, डब्यात आता सहा चपात्या द्याव्या लागतात. त्या ‘आ.कु.’ला आमच्याकडचा ठेचा आवडतो म्हणे.”