देवदूताचं डिजिटल चित्र गेममधल्या पात्रासारखं का दिसतं?

तुम्ही विचारलंय की पंख, प्रभावळ, वरून येणारा उजेड, सगळं असूनही तुमच्या देवदूतात अध्यात्म का उतरत नाही; आणि मराठी माणसाने देवदूत काढणं ही उसनवारी आहे का.

उसनवारी मुळीच नाही. घारापुरीच्या लेण्यात शिवाच्या डोक्यावर उडणारे गंधर्व-विद्याधर पाहून या. त्यांना पंख नाहीत, तरी दुमडलेल्या गुडघ्यांमुळे आणि कमरेतल्या वळणामुळे ते तरंगतात. ख्रिस्ती कलेतही सुरुवातीचे देवदूत बिनपंखांचेच होते. पंख साधारण चौथ्या शतकाच्या अखेरीस आले.

मी नेरुळला राहतो, टॅबवर चित्रं काढतो. ठाण्यातल्या एका ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या) घराने आईच्या मृत्यूच्या वर्षदिनासाठी तिच्यासोबत देवदूताचं चित्र मागितलं होतं. मी सोनेरी झगमगाट केला. त्या आईची मुलगी बराच वेळ बघून म्हणाली, "छान आहे हो, पण हा आमच्याकडे बघतोय. आईकडे कुठे बघतोय?"

तिथे माझे डोळे उघडले. दूत म्हणजे निरोप्या. त्याची नजर ज्याने पाठवलं त्याच्याकडे, नाहीतर ज्याला निरोप द्यायचा त्याच्याकडे. घारापुरीचे गंधर्वही पाहणाऱ्यासाठी पोझ देत नाहीत, त्यांचा सगळा ओढा शिवाकडे आहे. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, देवाच्या सिंहासनाजवळच्या सराफीम नावाच्या दूतांना प्रत्येकी सहा पंख आहेत: दोन उडायला, दोन पाय झाकायला, दोन तोंड झाकायला. सहातले चार झाकण्यासाठी! आपण मात्र प्रत्येक पीस उघडून दाखवतो. माझ्या मते अध्यात्म हरवतं ते इथेच.

मी चित्र पुन्हा काढलं. देवदूत पाठमोरा, चेहरा अर्धा पंखाआड, उजेड फक्त आईच्या हातांवर.

तुम्हीही आधी पूर्ण चित्र करड्या छटांमध्ये करा. ग्लोचा, म्हणजे तेजाचा, लेअर अगदी शेवटी, एकाच जागी. आजूबाजूला अंधार नसेल तर स्क्रीनवर तेज दिसतच नाही, नुसता पांढरा धूर दिसतो. आणि पंख काढायचेच असतील तर इंटरनेटवरचे तयार ब्रश नकोत. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत नवी मुंबईच्या खाडीवर फ्लेमिंगो असतात, तिथे पहाटे वही घेऊन बसा. पंख मिटलेला असताना गुलाबी-पांढरा दिसतो, उडताना मात्र कडेची काळी पिसं एकदम उघडतात. मी ती काळी कड देवदूताला दिली आहे.